फाडून सांधलेली जाळी

आमच्या बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातली ती फिलिपिनो नर्स 'हो' म्हणत नाही, नुसत्या भुवया उडवते. दिशा विचारली, तर ओठ पुढे काढून दाखवते. इतकी वर्षं एका वॉर्डात काढली, तरी तिचा होकार मला प्रश्नच वाटतो.

वॉर्डच्या कल्चर डेसाठी ती मासेमारीच्या जाळ्याचा झगा शिवत होती, कारण तिचं गाव त्यावरच जगतं. लंचला पाहिलं, तर गार्डन सेंटरमधून आणलेली कोरी जाळी ती कात्रीने फाडत होती आणि मग गाठी मारून सांधत होती.

"अगं, नवी फाडतेस कशाला?"

"फोटो बाबा बघणार, मॅम. कुठेच सांधलेली दिसली नाही, तर म्हणतील, ही जाळी कधी समुद्रात गेलीच नाही."

मला पटलं. निदान तसं वाटलं.

कल्चर डेला मी लग्नातली पैठणी नेसले. तिने पदर उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

"कुठे सांधलीय, मॅम?"

"कुठेच नाही! लग्नानंतर आज पहिल्यांदाच काढली," मी तोऱ्यात सांगितलं.

तिने हळूच माझ्या पाठीवरून हात फिरवला, घरात कोणी गेल्यावर फिरवतात तसा. मी 'थँक यू' म्हणाले. कशाबद्दल, कोण जाणे.