पेनाचं टोपण

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, नया बाजारात, परदेशी जाणाऱ्यांचे फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ आहेत. आपलेच, मराठी. पण दर दोन वाक्यांनी पेनाला टोपण लावून "देखिए काका, घाई नाही करायची" म्हणतात, तेव्हा डोकं फिरतं. अहो, घाई मला आहे!

जावई नोकरीसाठी परदेशी निघाला होता. बायको म्हणून मुलीचा परवाना त्याच्याबरोबरच मिळत होता, फक्त त्यावर तिला तिकडे नोकरी करता येणार नव्हती. तिच्याकडेही तिथल्या कंपनीचं पत्र होतं, पण तिच्या स्वतःच्या वर्क परमिटला दोन महिने जास्त लागणार होते. मी त्या गृहस्थांना म्हटलं, बायको म्हणूनच भरा.

"ताई काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? मी सांगतोय ना!"

लागलं टोपण.

दोन खेपा अशाच गेल्या. तिसऱ्यांदा मी फॉर्म घरूनच भरून, तिची सही घेऊन गेलो. त्यांनी तो उलटून पाहिला आणि परत दिला. "काका, सही ताईंची आहे, बाकी सगळं अक्षर तुमचं. ताईंना पाठवून द्या. अकेली."

थाटीपूरला घरी पोचेपर्यंत मी त्यांना शिव्या घातल्या.

ती जाऊन आली. "बाबा, मी माझं वर्क परमिट भरलं. दोन महिने मागून जाईन."

या पोरीने आजवर 'करू का?' विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं.

"काय भरवलं त्यांनी तुझ्या डोक्यात?"

"काही नाही. 'तुम्हाला काय हवंय' एवढंच विचारलं, आणि मी बोलेपर्यंत पेन उघडं धरून बसले."