शेठचं वेगळं दार

करंजाड्याच्या सुदामला सगळे शेठ म्हणत, आणि कोणी नुसतं सुदाम म्हटलं तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. शेठपणा काही त्याने कमावलेला नव्हता. बापाचा खाडीकाठच्या खाजणाचा तुकडा सरकारच्या नव्या वसाहतीत गेला आणि मोबदल्याचा पैसा आपल्या पायांनी घरी आला. गळ्यात साखळदंड, बोटागणिक अंगठी, पण एक दुखणं राहिलंच. बाप धोंडी दिवसा मिठागरात राबायचा आणि संध्याकाळी पनवेलच्या कामगार रंगभुवनाच्या दारात तिकिटं फाडायचा. डोअरकीपरचा पोर ही ओळख पुसण्यासाठी सुदामचा सगळा आटापिटा. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं!

रंगभुवन मिठागरातल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी दगड वाहून उभं केलं होतं. बाल्कनी नाही, खास खुर्च्या नाहीत, खाडीचा वारा यावा म्हणून भिंतींना उंच झरोके, आणि सगळ्यांना मिळून एकच दार. मिठागराचा मालक आला तरी मजुराच्या खांद्याला खांदा घासूनच आत जायचा. पुढे छप्पर गळू लागलं, दुरुस्ती निघाली, आणि आयत्या बिळावर हा नागोबा रंगभुवनाचा अध्यक्ष होऊन बसला. त्याने झरोके बुजवून एसी लावला, पुढे सोफे मांडले आणि बाजूची भिंत फोडून पाहुण्यांसाठी काचेचं वेगळं दार काढलं. सांगायला कारण सुरक्षेचं. खरं म्हणजे बापाच्या दारातून त्याला पाऊल टाकायचं नव्हतं.

उद्घाटनाला माणसं लोटली. जुन्या दारात दाटी झाली तशी मिठागरातली म्हातारी मंडळी खुशाल काचेच्या दाराकडे वळली. रखवालदार त्यांच्याच गावचा, तो अडवायचं सोडून हात जोडत होता. सुदामचा पारा चढला. रखवालदाराला हाकलून हा सफारी सूटवाला शेठ स्वतःच दारात उभा राहिला. पत्रिका बघायची, पाहुण्याला आत सोडायचं, बाकीच्यांना मागे लोटायचं. घामाघूम झाला, पण हटला नाही.

तेवढ्यात त्याची आई, कमळाबाई, पुढे आली. तिच्याकडे पत्रिका नव्हती. ती आईला द्यावी हे लेकाला सुचलंच नव्हतं. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुजा बापूस पन असाच दारान उबा रायचा."

माणसं हसली. सुदामने मान खाली घातली. पण एवढ्यावर थांबेल तर ती कमळाबाई कसली!

"पन तो मानसांना आत घ्यायचा रं," ती म्हणाली आणि जुन्या दाराकडे चालू लागली.

तिच्यामागे गर्दीही वळली. काचेच्या दारात उरला तो फक्त डोअरकीपर.