थांबण्याचे पैसे

आमची विमानं जमिनीवर आली ती कायमचीच. कंपनीचं दिवाळं वाजलं. पायलट गेले, एअर होस्टेस गेल्या, कँटीनवालाही गेला. उरलो आम्ही मोजकी साहेब मंडळी. मी केबिन ट्रेनिंगची प्रमुख. प्रमुख माणसं जागेवर नसली तर उड्डाणाचा परवाना टिकत नाही, आणि बिनपरवान्याची कंपनी विकत कोण घेणार? म्हणून आम्हाला पगार, वर थांबण्याचा बोनस. शेवटपर्यंत थांबा, रक्कम एकदम घ्या आणि बाहेर ब्र काढू नका. मी सही केली. का करू नये? उभा जन्म घासला होता मी तिथे.

काम मात्र शून्य. कुसगावहून गाडी काढायची, घाट उतरून मुंबई गाठायची आणि रिकाम्या ट्रेनिंग हॉलमध्ये बसायचं. तिथे शिकवण्यासाठी विमानाचा एक तुकडा ठेवलाय, दारं-खुर्च्यांसकट. एकदा त्याचं दार ढकलून मी एकटीच ओरडले, "बेल्ट सोडा! सामान टाका! बाहेर पडा!" आणि मग खुर्चीत बसून रडले. वेडेपणाच, दुसरं काय! घरी तरी कुणाला सांगणार? नवरा गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही.

होती ती एक मैत्रीण. कार्ल्याची सून, घरी भातशेती. आम्ही एकाच बॅचच्या. मी वर चढले, ती विमानातच राहिली, पण आमच्यात साहेबपणा कधी आला नाही. नोकरी गेल्यावरही दर रविवारी स्कूटीवरून यायची आणि थेट स्वयंपाकघरात शिरायची.

त्या रविवारी नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन आली. मी चहा टाकला तशी म्हणाली, "अगं, लोणावळ्याच्या त्या मोठ्या हॉटेलातून फोन आलेला. फ्रंट ऑफिस सांभाळायला बोलावतायत. उद्या नाही म्हणून कळवते."

"नाही कशाला?"

"आपलं विमान उडलं म्हणजे मग? सासूबाई रोज डोकं खातात, 'कुटं हाय तुजं इमान?' मी सांगते, माझी मैत्रीण अजून तिथं आहे. ती काय येडी आहे का उगाच बसायला? ती थांबलीय म्हणजे उडणार."

माझ्या हातातली गाळणी हातातच राहिली. शुक्रवारीच आम्हाला सांगितलं होतं, एकही गिऱ्हाईक टिकलं नाही, कंपनी मोडीत निघणार. हे बाहेर गेलं तर बोनसवर पाणी. मी गप्प बसले असते तर माझं काय बिघडणार होतं? तिच्या हातचं हॉटेल गेलं असतं, एवढंच.

"हॉटेल धर," मी म्हणाले. "विमान उडणार नाही. आणि मी काही आशेवर थांबले नाहीये गं. मला थांबायचे पैसे आहेत."

ती आधी हसली. मग तिने माझं तोंड बघितलं.

"लय आहेत?"

मी मान डोलावली.

"आणि आम्ही फुकट थांबलो," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. भांडायला मला कधी लाज वाटलेली नाही. पण तिने गॅस बंद केला, ओढणी सारखी केली आणि चहा न घेता गेली.

रक्कम पूर्ण जमा झाली. म्हणजे तिने कुणापाशी तोंड उघडलं नाही. नाहीतर आमच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर बोंब झाली असती. मी फोन केले, तिने उचलले नाहीत. शेवटी एक दिवस त्या हॉटेलातच गेले, कॉफीचं निमित्त काढून. काउंटरवर उभी होती, नीटनेटकी. मला बघून हात जोडले, छान हसली.

"वेलकम, मॅडम. टेबल खिडकीजवळ देऊ?"

मेली! चार शिव्या हासडल्या असत्यास तर मी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. मी खिडकीजवळ बसले, समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि कॉफी पुरवून पुरवून प्यायले. बिल तिने दुसऱ्याच मुलीबरोबर पाठवलं.