तापलेल्या इंजिनाचे मिस्त्री

मोरिवलीचे मिस्त्री थंड इंजिनाला हात लावत नसत. वडिलांची जुनी गाडी घेऊन गेलो की आधी म्हणायचे, "बदलापूरला जाऊन या. तापल्याशिवाय रोग दिसत नाही." मी चडफडत तिथपर्यंत चक्कर मारून यायचो. त्यांचं बरोबर असायचं, याचाच जास्त राग यायचा.

गाडी सकाळी शहाण्यासारखी चालू व्हायची आणि तापली की नाक्यावर उभ्या उभ्या आचके द्यायची. कॅम्प तीनमधल्या एका मेकॅनिकने व्हॉल्व्हचे टॅपेट आवळून तिची सगळी टिकटिक बंद करून दिली होती आणि मी खूश होऊन त्याला वर चहा पाजला होता. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "टिकटिक पाहिजे हो साहेब! तापल्यावर लोखंड फुगतं. जागाच नाय ठेवली तर व्हॉल्व्ह मिटणार कसा? मिसिंग मारणारच, आचके देणारच. असंच चालवलं तर जळेल."

पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं. त्याचाही त्यांनी बाऊ केला नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावायचे. "टिकटिक येते का बोला. मी पाना फिरवतो." मी मान हलवायची, त्यांनी नट आवळायचा. शर्टावर तेल उडायचं, घरी बायको बोलायची; पण खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या वेळी मी रात्रपाळी करून थेट गेलो होतो. डोळे मिटत होते. तिसऱ्या व्हॉल्व्हची टिकटिक येत नव्हती. सांगितलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून लावायचं, वर बदलापूरची आणखी एक फेरी. "येते?" त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

आठवड्याभरात तोच व्हॉल्व्ह जळला. गाडी ढकलत नेली. मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उघडलं आणि जळका व्हॉल्व्ह बराच वेळ हातात धरून बसले. "माझ्या हाताचा अंदाज गेला," ते म्हणाले. "आता दुकान बंद करतो."

"मिस्त्री, चूक माझी! आवाज येत नव्हता, मी खोटं सांगितलं!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. दोनदा ओरडलो.

ते थकल्यासारखे हसले. "चांगले आहात साहेब. पण म्हाताऱ्याची समजूत नका काढू."

खोटं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विश्वास ठेवला होता.