आईच्या मरणाला बाजा लागला नाही

त्या दिवशी सकाळी आईने मासा मागितला. आठ दिवस पेजेशिवाय पोटात काही ठरत नव्हतं आणि हिला मासा पाहिजे, तोही हळद, आलं आणि मूठभर आंदालिमान मिरी घालून, जीभ बधिर होईल असा. मी म्हटलं, "आई, डॉक्टरने काय सांगितलंय?" तर म्हणाली, "डॉक्टर जेवायला येणार आहे का?" मी चिडले. चिडतच केला. तिने तीन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "लामरिआ, ऐक. मला नेशील तेव्हा रडगाणं नको. बाजा लाव. तुतारी पाहिजे, ढोल पाहिजे, बायकांना नाचू दे. मी माझ्या प्रभूकडे चाललेय, कुणाच्या शेतात चोरी करायला नाही."

मी म्हटलं, "गप बस आणि जेव."

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. दुपारी दोनला ताट उचलायला गेले तर ती गेली होती. भिंतीला टेकून, तोंड उघडं. राग येतो मला. तिचा येतो, माझा येतो. देवाचाही येतो, आणि ते त्याला ठाऊक आहे, मी लपवत नाही.

मी शिकलेली नाही. सहावीत शाळा सुटली. चर्चच्या बायका म्हणाल्या, पत्रिकेत छापायला आईबद्दल चार ओळी लिही. चार ओळींत माझी आई मावत नाही. कापायचं तर कापा.

आईचं नाव तिओरमा. डोंगरातल्या गावची, लग्न होऊन इथे सामोसिर बेटावर तळ्याकाठी आली. बाप माझा ताडी पिऊन होडी चालवायचा. एक दिवस होडी परत आली, बाप नाही आला. मी नऊ वर्षांची, भाऊ बिन्सार पाचचा. आणि त्याच रविवारी ही बाई चर्चमध्ये बायकांच्या रांगेत उभी राहून गायली. मोठी काकू म्हणाली, "नवरा गेला आणि गातेय, हिला तो नकोच होता." मला वाटलं, खरंच असेल. तिचा हात सोडून मी काकूजवळ जाऊन उभी राहिले. पुढे कधीतरी मी पाहिलं, परसात डुकरांना खायला घालताना ती हमसून रडायची. रडायची पण आणि गायची पण. लोकांना गाणं तेवढं दिसलं.

मग तिने उलोस विणले. आमच्याकडे लग्नाला, बाळंतपणाला, मरणाला खांद्यावर घालायचं कापड ते. विणून विणून पाठ वाकली तेव्हा तळ्यात पिंजरे टाकले, मासे वाढवले. चार वर्षं बरं चाललं. आणि एका सकाळी तळ्याचं पाणी ढवळून खालचं वर आलं, काळंकुट्ट, आणि एकूण एक मासा पोट वर करून. सगळा काठ रडत होता. ही दोन टोपल्या घेऊन आली आणि गुणगुणतेय.

मी ओरडले, "आई, तुला लाज आहे का? सगळं मेलंय!"

"मासे मेलेत, लामरिआ. प्रभू मेलाय का?"

"मग तो येऊन हे उचलणार आहे का?"

"नाही, ते तू आणि मी उचलू. म्हणून तर दोन टोपल्या आणल्या."

तीन दिवस आम्ही कुजलेले मासे पुरले. अंगाचा वास महिनाभर गेला नाही. तेव्हा मी तिला विचारलं, तुला कधी काही वाटतच नाही का गं? ती म्हणाली, "वाटतं की. वाटलं की त्याला सांगते. मग तो येऊन बसतो माझ्याजवळ. तू बसत नाहीस म्हणून तो बसतो."

टोमणा मारायची संधी सोडली नाही कधी.

पुढे बिन्सार बातामला जहाजाच्या कारखान्यात लागला, त्याने सिमेंटचं स्वयंपाकघर बांधलं, घरात नळ आला. मला वाटलं, आता तरी ही उड्या मारील. छे. तेवढीच खूश. जेवढी कुजलेल्या माशांच्या वेळी होती तेवढीच. नळाखाली हात धरून म्हणाली, छान आहे, आणि गेली गायला. बिन्सार बिचारा तोंड पाडून बसला.

माझं लग्न ठरून मोडलं. मग परत ठरलंच नाही. आता मी सत्तेचाळीस. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्यात सगळ्या मुलांची लग्नं झाली, नातवंडं बघितली आणि मग माणूस गेलं, तर ते मरण पुरं. पुऱ्या मरणाला बाजा, नाच, जेवण. एक जरी मूल बिनलग्नाचं राहिलं तर मरण अपुरं. अपुऱ्याला नुसतं रडगाणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चटया टाकून सगळे जमले. एका बाजूला बापाकडचे, दुसऱ्या बाजूला आईच्या माहेरचे, डोंगरावरून उतरून आलेले जाबिआत मामा. आमच्याकडे मामाचा मान मोठा, त्यांना विचारल्याशिवाय मयताची पेटी हलत नाही. मी आत दारापाशी. मोठे काका, मारोजाहान, खाकरले आणि म्हणाले, "बाजा लावायचा तर सगळ्यांना हौस आहे. पण या घरात एक बिनलग्नाची आहे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जसं काही मीच आईला मारलं.

मग काका म्हणाले, "उपाय आहे. पूर्वीही झालेलं आहे. पेटीपुढे लग्न लावू. दोघांच्या खांद्यावर एक उलोस टाकायचा, चर्चचं काय ते नंतर बघू. आपला साहाला आहे ना, फेरीबोटीच्या तिकिटावर बसतो तो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. माणूस चांगला, पीत नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि दात?"

"दात आहेत, आत्या! समोरचे आहेत!"

लोक हसले. माझी आई पेटीत आणि हे हसले. साहाला मागच्या चटईवर मांडीवर टोपी धरून पायाकडे बघत होता.

बिन्सारने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, एवढं कर. नंतर त्याच्याकडे राहू नकोस, कोण बघतंय? आईचं शेवटचं मागणं होतं, तूच सांगितलंस. बाजा मागितला तिने. आयुष्यभर तुझ्याकडे तिने कधी काही मागितलं?"

लागलं मला. खोटं सांगत नाही, मी हो म्हणणार होते. गप बस म्हटलं होतं ना मी तिला, ते तरी फेडलं असतं. बिन्सारने हातात दिलेला उलोस मी खांद्यावर घेतलासुद्धा. बाहेर आले, पेटीपाशी उभी राहिले.

आणि उघड्या पेटीतला तिचा चेहरा बघून मला अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. चर्चच्या सुगीच्या जेवणात याच काकांनी आईला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुझ्या या पोरीने तुझं मरण बुडवलं." आई भात वाढत होती. पळी न थांबवता म्हणाली, "भावोजी, माझा आनंद हिच्या मांडवात ठेवलेला नाही. प्रभूने मला तो दिला तेव्हा ही जन्मलीही नव्हती. भात अजून घ्या." काका जेवले नाहीत.

मी उलोस काढून पेटीवर ठेवला. मस्करी सोडली तर बायका त्या बैठकीत बोलत नाहीत. मी बोलले. म्हटलं, "काका, हिच्यापुढे मी खोटं लग्न लावू? जी कधी खोटं हसली नाही तिच्यापुढे? नवरा बुडाला तेव्हा ती गायली, मासे मेले तेव्हा गायली. तेव्हा कुणाचं लग्न लागलं होतं? तुमच्या नियमाने मोजायचं तर तिचं जगणंच अपुरं. ते तर तुम्हाला कधी दिसलं नाही. पाळकसाहेब, तुम्ही बोला! चाळीस वर्षं गायली ती तुमच्या चर्चमध्ये!"

पाळक कॉफीच्या कपात बघत राहिले. कपात काय होतं देव जाणे.

जाबिआत मामांनी हात वर केला. "मुलगी नाही म्हणतेय. माझ्या बहिणीच्या पेटीपुढे जबरदस्ती मी चालू देणार नाही."

काका म्हणाले, "मग बाजा नाही."

"नाही तर नाही," मी म्हटलं.

तिला नेलं तशीच. चर्चच्या बायका गायल्या, पण अशा रेंगाळत की आईने उठून दटावलं असतं. वळणावर बाजेवाल्यांची गाडी आडवी आली. पलीकडच्या गावात एक म्हातारा गेला होता, पाच मुलं, पाचही लग्नाची. गाडी वाजवतच गेली. आमची पेटी खांद्यावर थांबली, धूळ खाली बसली, मग चालू लागलो. मी गायले नाही. तोंड मिटून चालले.

आई, तुला बाजा मिळाला नाही आणि तो माझ्यामुळे मिळाला नाही. तुला त्याचं काही वाटलं नसणार. तू आता जिथे आहेस तिथे तुला कसली कमी नाही, हे मी मानते. रागाने मानते, पण मानते. माझ्याजवळ तुझा प्रभू अजून बसलेला नाही. मी बोलावलंही नाही. पण दाराला कडी घातलेली नाही मी.

नवव्या दिवशी आईचा मृत्यूचा कागद आणायला मला पलीकडे तालुक्याला जायचं होतं. फेरीबोटीच्या खिडकीत साहाला. मी मान खाली घालून म्हटलं, "एक." त्याने तिकीट फाडलं, पण हातातच धरून ठेवलं.

"लामरिआ, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"मलाही कुणी विचारलं नव्हतं. तुझे काका सकाळी आले, म्हणाले चांगला सदरा घाल. मी म्हटलं, मयताला चांगला कशाला? म्हणाले, चल तर." त्याने इकडेतिकडे बघितलं. "तू नाही म्हणालीस ना, तेव्हा अख्ख्या अंगणात मी एकट्याने आमेन म्हटलं. मनात."

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. तोंडावर हात धरला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी, खिडकीचा गज धरून मी हसतेय. तोही हसायला लागला. समोरचे दात आहेत त्याचे, खरंच आहेत. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, बोट सुटतेय!"

मी तिकीट ओढून घेतलं आणि पळाले.