मुक्ताईचा फोटो आणि माझी मान

उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, तसं माझं देवावरचं मनच उडालं. दाताच्या डॉक्टरची बोटं गेली तर उरलं काय? चोपड्यात बारा वर्षं दवाखाना चालवत होते. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे बघून स्पष्ट सांगितलं, "मानेतली नस दबलीय, म्हणून बोटं बधिर होतात. पेशंटला पूर्ण आडवं घ्या आणि तुम्ही ताठ बसून काम करा. नाहीतर दवाखाना बंद करावा लागेल."

हे मला कॉलेजातही शिकवलं होतं. अडचण समोरच्या भिंतीवर होती. दवाखाना सुरू केला त्या दिवशी मीच तिथे आई मुक्ताईचा मोठा फोटो लावला होता, पेशंटला धीर यावा म्हणून. खुर्ची आडवी केली की पेशंटचे पाय थेट आईकडे! जो तो ताडकन उठून बसे. मग मी खुर्ची उभीच ठेवायचे आणि स्वतः मान वाकडी करून तोंडात डोकावायचे. फोटो हलवायचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. देवाची जागा कशी बदलायची?

शेवटी मुक्ताईनगरला गेले. आईपुढे रडले, चक्क भांडले, "तुझ्यापायी मान गेली आणि तू नुसती बघत बसलीस!" काही झालं नाही. दुखती मान घेऊनच घरी आले.

दुसऱ्या दिवशी खेड्यावरून एक अनोळखी अक्का वरची दाढ भरायला आल्या. मी सवयीने वाकले, कळ आली आणि हातातला छोटा आरसा खाली पडला. ओशाळून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. अक्कांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आईले मन्हा डोकाकडे लाव ना, बाई! ती काय तठेच राहस का?"

मी हसत सुटले. अक्का स्वतः उतरल्या, खुर्चीच्या डोक्याकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे फोटो लावला, हात जोडले आणि ऐसपैस आडव्या झाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ताठ बसून, दुसऱ्या आरशात बघत दाढ भरली.

मानेचे व्यायाम चालूच होते. हळूहळू बोटांना जाग आली. डॉक्टर म्हणतात, बसण्याची पद्धत सुधारली. खरंच आहे. पण अक्का नेमक्या त्याच दिवशी का आल्या, हे मी कुणाला विचारत नाही. सगळं आईवर सोडलंय, असं मी ऐटीत सांगत असे; तिने कुठे राहायचं ते मात्र मीच ठरवून टाकलं होतं. आता सकाळी दिवा लावताना एवढंच म्हणते, आई, तुला हवं तिथे राहा. मी सरकते.