नंबर नसलेले पाय

"बिछाना टाकला, आना लेकराला!"

बाथरूममधून ही हाक आली की आमच्या घरात धांदल उडायची. मावशी पाटावर बसून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही पाय समोर लांब पसरून तयार असायच्या. त्यांचा बिछाना म्हणजे हेच पाय. नडग्यांवर बाळाचं अंग आणि जुळवलेल्या पावलांच्या खोबणीत त्याचं डोकं. मग तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी आणि मावशींचं काहीतरी पुटपुटणं. आमच्या मुलीला इतर कुणीही घेतलं की ती भोकाड पसरायची, पण त्या पायांवर ठेवली की टुकूटुकू छताकडे बघत राहायची.

तुमच्या घरीही बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला अशी कुणी बाई येऊन गेली असेल. तुम्ही तिचे हात पाहिले असतील. मी पाय पाहिले, कारण पनवेलच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघायची खोड मला धंद्याने लावली आणि त्यावरून बायकोची बोलणी मी अजून खातो.

मावशींचे पाय लांबीला बेताचे, पण रुंदीला पुरुषांना मागे टाकणारे होते. पाचही बोटं भावकीत भांडण झाल्यासारखी एकमेकांपासून लांब. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं आणि डावा पाय उजव्याहून चांगलाच थोराड. लहानपणी त्या आईबापाबरोबर खाडीकाठच्या मिठागरात राबल्या होत्या. खारा चिखल तुडवता तुडवता पाय पसरले ते पसरले. पुढे मिठागरं बुजली, आसपास इमारती उभ्या राहिल्या आणि मावशी नवीन पनवेलच्या सेक्टरांमधल्या लेकरांना न्हाऊ घालू लागल्या. पाय तेच राहिले.

"देवानं पाय दिले, नंबर द्यायचा इसरला," असं त्या म्हणायच्या.

तेव्हा त्यांच्या पायांत एक पुरुषी सँडल असायची. पुढचा पट्टा कापून टाकलेला आणि मागे चिंधी बांधलेली. आमच्या इमारतीत आल्या की त्या इकडेतिकडे बघायच्या आणि ती जोडी जिन्याखालच्या कोपऱ्यात सरकवून द्यायच्या. दारासमोरच्या लोकांच्या चपलांच्या रांगेत त्यांनी ती कधी ठेवली नाही. एकदा मी म्हणालो, "मावशी, दुकानात या. काही ना काही बसेलच."

बसेलच म्हणे! बापाच्या हाताखाली हा धंदा शिकलेल्या माणसाने असं बोलू नये.

एका दुपारी, सगळ्या घरांची न्हाणी आटपून त्या आल्या. आत पाऊल टाकण्याआधी बाटलीतलं पाणी पायांवर ओतून एकेक बोट पदराने पुसलं. मी बायकांचा सहा नंबर काढला, त्यात नुसती बोटं गेली. आठ काढला, तर अंगठा आत आणि करंगळी बाहेर. पुरुषांचा दहा रुंदीला बसला, पण मावशी दोन पावलं पुढे गेल्या आणि चप्पल मागेच राहिली. रबरी स्लिपरचा बंद पहिल्याच पावलाला उपटून आला. चिकटपट्टीच्या सँडलची पट्टी दुसऱ्या बाजूपर्यंत पोचेचना. दुकानभर खोकी पसरली. कंपनीचा माल दाखवायला आलेला एक एजंट बाकावर बसून हे सगळं बघत होता. तो मला हळूच म्हणाला, "शेठ, असे पाय मार्केटमध्ये चालत नाहीत."

मावशींना ते ऐकू गेलं. "चालत नाय कसे? मी तं रोज चालते," त्या म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो.

हसून झाल्यावर त्यांनी एक जांभळी सँडल उचलली आणि तळहातावर ठेवून तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. "माज्या लग्नात आयनं अशीच आनलेली. मांडवात घातली नि पायातून रगत आलं. मंग काढून हातात घेतली नि नवऱ्याच्या मागं तशीच गेले. माज्या हातातच शोभतात या."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खोकी आवरायच्या निमित्ताने पाठ फिरवली. मला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. या कंपन्यांना वाटतं, सगळ्या जगाचे पाय एकाच साच्यातून काढलेत. मिठागरातल्या, भातखाचरातल्या, वीटभट्टीवरच्या बाया काय हवेतून चालतात?

पुढेही नवीन माल आला की मी निरोप द्यायचो, मावशी यायच्या, सगळं घालून बघायच्या आणि हात हलवत परत जायच्या. मग उन्हाळ्यात ती चिंधी बांधलेली सँडलही तुटली आणि त्या अनवाणी येऊ लागल्या. आता निरोप धाडला तरी दुकानाकडे फिरकेनात. एक दिवस बायको मला म्हणाली, "त्यांना चपलेचं काही विचारू नका हं. नवस बोलल्यात त्या. मुलीला मूल व्हावं म्हणून."

मावशींना ती एकुलती एक मुलगी. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्टरातल्या बायका मग दारात मावशींच्या पायांवर पाणी घालू लागल्या. एकदोघी वाकून नमस्कारही करायच्या. काल-परवापर्यंत याच बायका जिन्याखालच्या त्या सँडलकडे बघून नाक मुरडत होत्या.

माझी मात्र पंचाईत झाली, कारण तोवर मी एक उद्योग करून बसलो होतो. माझे वडील हाताने चपला बांधायचे. मी खोक्यातल्या विकतो. त्यांची चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी माळ्यावर गंजत पडली होती, ती मी खाली काढली होती. आमच्या बाथरूमबाहेर मावशींची ओली पावलं उमटायची. तिथे खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवला आणि उमटलेल्या पावलांभोवती पेन्सिल फिरवली. दोन पाय, दोन वेगळी मापं. मऊ चामडं आणलं, हाडापाशी पट्टा रुंद घेतला. हाताची सवय मोडलेली, त्यामुळे कितीदा उसवलं आणि कितीदा शिवलं. नवस असेल तर असो, फिटल्यावर घालतील, असं म्हणून मी मावशींना गळ घालून दुकानात बोलावून घेतलं.

त्यांनी उजवी घातली, मग डावी. उभ्या राहिल्या. दुकानात पायांपुरता बुटका आरसा असतो, त्याच्यापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"बसल्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बसल्या हो, भाऊ."

आणि मग स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही चपला काढल्या, तळ पदराने पुसले आणि माझ्यापुढे ठेवल्या. "पन नाय नेता येनार मना."

"माहीत आहे. नवस फिटेपर्यंत ठेवतो मी."

"नवस कुठं हाय?" मावशींनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "एका घरात बालंतिनीच्या सासूनं इचारलं, मावशी, चप्पल कुठंय, नवस हाय का? आता तिला काय सांगू, चप्पल मिलत नाय म्हनून? लाज वाटली. हो म्हनाले. लेकीसाठी का, तं हो. ती निघाली माज्या लेकीच्या सासूच्या ओलखीतली. सांजच्याला तिकडं खबर गेली."

"मग आता खरं सांगून टाका की."

"कशी सांगू? लेकीची सासू पोराचं दुसरं लगीन लावाया निघालेली. ह्ये ऐकलं नि गप झाली. देवीला लय घाबरते ती. भाऊ, जवर मी अनवानी हाय तवर माज्या पोरीला त्या घरातून कोन काढनार नाय."

मी चिडलो. म्हटलं, डांबराचे रस्ते भाजून काढतील, काचा असतात, खिळे असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भाजू द्या. तिचं घर तं राहील," म्हणाल्या आणि कुणाला सांगणार नाही अशी माझ्याकडून मुलीची शपथ घेतली.

मी ते खोकं वरच्या फळीवर ठेवलं. मात्र त्यानंतर एक गंमत सुरू झाली. दुपारी बाजार सुस्तावला की मावशी अधूनमधून यायच्या. मी शटर अर्धं खाली ओढायचो आणि खोकं काढून द्यायचो. चपला घालून त्या आरशापर्यंत जायच्या, परत यायच्या, स्टुलावर ऐटीत पाय पुढे करून चहा प्यायच्या. चहा संपला की चपला खोक्यात आणि मावशी पुन्हा अनवाणी रस्त्यावर. असं वर्षानुवर्षं चाललं. आमची मुलगी शाळेत जाऊ लागली, तिच्या पायाचे नंबर वाढत गेले. मावशींच्या लेकीला मूल झालं नाही, पण तिला घरातून कुणी काढलंही नाही.

मग मावशींच्या डाव्या तळव्यात काहीतरी रुतलं. त्यांना साखर होती, त्यामुळे दुखलं नाही, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. दुकानात आल्या तेव्हा पायाला फडकं बांधलेलं होतं आणि ते ओलं होतं. मी हात जोडले. "मावशी, आता तरी लेकीला खरं सांगा."

"तिला कललं तं ती मना चप्पल घालाया लावील. मंग तिचं काय?"

त्यानंतर त्या आल्या नाहीत. बऱ्याच दिवसांनी दुकानासमोर रिक्षा थांबली. एक तिशी-पस्तिशीची बाई मावशींना धरून उतरवत होती. खोडीप्रमाणे माझी नजर आधी खाली गेली. तिचे पाय हुबेहूब मावशींचे होते, एका बाजारी सँडलमध्ये कसेबसे कोंबलेले आणि दोन्ही करंगळ्या बाहेर. ती लेक आहे हे सांगावं लागलं नाही. मावशींच्या डाव्या पायाला दवाखान्यातली जाड पट्टी होती.

तिने आईला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "मामा, आईची चप्पल काढा. डॉक्टर म्हणाले, पाय उघडा जमिनीला लागता कामा नये."

मी मावशींकडे बघितलं. मी शपथ मोडली नव्हती.

"तुमी नाय सांगितलं. मीच दवाखान्यात तापात बडबडले वाटतं," मावशी ओशाळून म्हणाल्या.

"चप्पल इथे आहे ते तेव्हा कळलं," लेक म्हणाली. "नवस नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आईला चप्पल मिळत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण तिचा नवस म्हटलं की घरात सगळे गप्प बसायचे. मला बरं वाटायचं, मामा. म्हणून मीही गप्प बसले." एवढं बोलून ती रडू लागली. मग तोंड पुसून म्हणाली, "आज सासूबाईंना सांगून आले, आईने नवस सोडला म्हणून. आणि गावदेवीला सांगितलं, मला मूल नको, घर नको, आईचा पाय राहू दे."

"येडी हायेस का तू?" मावशी ओरडल्या. "एवढी वरसं मी कशासाठी..."

लेकीने खाली बसून उजव्या पायात चप्पल घातली. ती पहिल्या दिवसासारखीच नीट बसली. डावी पट्टीवरून जाईना. आम्ही दोघांनी हर प्रकारे पाहिलं. एवढा खटाटोप करून मापाची झालेली चप्पल आणि आता पायच मापात नव्हता. मी रापी घेतली आणि पट्टा कापायला चपलेला लावली.

मावशींनी माझा हात धरला. "कापू नका, भाऊ. एवढी बेस जमलेली हाय. पट्टी सुटली की घालीन."

त्या उजवी घालून, डावीचं खोकं काखेत धरून लेकीच्या आधाराने गेल्या. डाव्या पायाखाली लेकीने ओढणीची घडी बांधली होती. रस्त्यावर उतरल्यावर मावशी थांबल्या आणि एका पायातल्या चपलेकडे बघून हसल्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

पट्टी सुटली नाही. जखम वर चढत गेली आणि मावशी गेल्या. शेवटपर्यंत काठी टेकत, उजवी चप्पल घालून त्या अंगणात चालायच्या, असं लेकीने नंतर सांगितलं. आईची सेवा करायला ती माहेरी आली ती तिथेच राहिली. सासरहून तिला न्यायला कुणी आलं नाही. मावशींनी ज्या दिवसाच्या धास्तीने पाय भाजून घेतले तो दिवस असा साधासुधा उगवला आणि लेक त्यातूनही उभी राहिली, हे त्यांना बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

हल्लीच आमच्या वरच्या मजल्यावर बाळ झालं. आधी तिथल्या आजींनी कुरकुर केली होती, मूल नसलेल्या बाईच्या हाती बाळ कसं द्यायचं म्हणून. बाळंतिणीने ऐकलं नाही. सकाळी गच्चीवर जाताना मी त्यांच्या दारावरून निघालो होतो, तेवढ्यात आतून हाक आली.

"बिछाना टाकला, आणा बाळाला!"

आवाज तरुण होता. मी खाली बघितलं. दारासमोर घरातल्यांच्या चपलांच्या रांगेत, अगदी मधोमध, मी बांधलेली जोडी काढून ठेवलेली होती. उजवीचा तळ झिजून गेला होता आणि पट्टा काळवंडला होता. डावी अजून जवळजवळ नवी होती.

आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाळ रडत नव्हतं.